कन्सोल घेताय? आधी सेटिंग्ज उघडायला लावा

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच छापाचे आहेत, सेकंडहँड कन्सोल, म्हणजे गेमचं मशीन, घ्यायचाय, मॉड म्हणजे जेलब्रेक करायचाय (कंपनीचं कुलूप उघडून तिने न दिलेल्या गोष्टी चालवायच्यात), फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर, नेमकं कुठलं हे घ्यायच्या आधी कसं ओळखायचं. जुन्या फर्मवेअरमध्ये फटी राहिलेल्या असतात, अपडेटमध्ये त्या बुजतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. म्हणून बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, आज फक्त हेच.

प्रश्न : ओएलएक्सवर पीएस४ स्लिम बघितलाय, सेलर ठाण्याचा आहे, १४ हजार म्हणतोय. "९.०० वर आहे भाई, जेलब्रेक होतो" असं लिहून एक फोटो पाठवलाय. दादरला पुलावर भेटू, तिथेच देतो म्हणतो. फोटोवर भरवसा ठेवू का? — एक वाचक, डोंबिवली

पुलावर अजिबात नको. संध्याकाळच्या गर्दीत पिशवीतून पीएस४ काढून बघायचा म्हणजे तुम्ही फक्त प्लास्टिक बघणार, आणि आपल्याला जे बघायचंय ते प्लास्टिकवर कुठेच लिहिलेलं नसतं. मागच्या स्टिकरवर मॉडेल असतं, सीयूएच-२२ वगैरे, सीरियल असतो, फर्मवेअर नसतं. ते फक्त चालू मशीनच्या स्क्रीनवर दिसतं. म्हणजे टीव्ही पाहिजे, प्लग पाहिजे, कंट्रोलर पाहिजे. ठाण्याचा आहे ना तो, मग तुम्हाला डोंबिवलीहून स्लो लोकल, सरळ त्याच्या घरी जा. घरी नको म्हणाला तर त्याच्या ओळखीच्या एखाद्या मोबाइल-रिपेअरवाल्याकडे भेटा जिथे टीव्ही असेल, दोन्हीला नाही म्हणाला तर सोडून द्या, पीएस४ काय कमी पडलेत का मुंबईत.

तिथे गेल्यावर सेटिंग्ज, मग सिस्टम, मग सिस्टम इन्फर्मेशन. पहिलीच ओळ सिस्टम सॉफ्टवेअर, तिच्यासमोर ९.०० दिसलं पाहिजे. सेलरच्या प्रोफाइलला पासकोड असेल तर त्यालाच टाकायला सांगा. कंट्रोलर तुमचा नेणार असाल तर केबल डेटावाली न्या, नुसती चार्जिंगची स्वस्त केबल लावून कंट्रोलर पेअरच होत नाही आणि मग दोघं एकमेकांकडे बघत बसता.

आता फोटोचं. फोटो खोटाच असेल असं नाही, पण तो कधी काढला ते फोटोत दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी काढलेला असेल, मधे कोणीतरी वायफाय लावलं, रेस्ट मोडमध्ये अपडेट उतरलं, झालं. निघायच्या आधी त्याच्याकडून व्हिडिओ मागा, आणि तो एका दमात काढलेला पाहिजे, कन्सोल चालू करण्यापासून सिस्टम इन्फर्मेशनपर्यंत आणि तिथून कट न मारता कॅमेरा मागच्या सीरियलवर. असा व्हिडिओ द्यायला कुरकुर करणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो चिकटवत असतो. आणि व्हिडिओ आला तरी तिथे जाऊन परत बघायचंच.

एक गोष्ट त्याला आत्ताच मेसेज करून ठेवा, की मी येईपर्यंत फॉरमॅट मारू नको. बरेच सेलर चांगुलपणाने म्हणतात, "साफ करून देतो, माझा डेटा उडवतो." साधं इनिशियलाइज केलं, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखं केलं, तर फर्मवेअर आहे तेच राहतं. पण सेफ मोडमध्ये सहावा आणि सातवा पर्याय खालीवर आहेत, सहावा नुसता इनिशियलाइज आणि सातवा सिस्टम सॉफ्टवेअर परत टाकणारा, आणि त्या सातव्यासाठी माणूस पेनड्राइव्हवर फाइल आणतो ती सोनीच्या साइटवरून, म्हणजे एकदम लेटेस्ट. सेलरच्या हिशोबाने मशीन चकाचक, तुमच्या हिशोबाने ९.०० गेलं.

आता ९.०० असूनही घेऊ नये असं कधी असतं? असतं. ९.०० आलं सप्टेंबर २०२१ मध्ये. एवढी वर्षं एखादा पीएस४ त्याच्यावरच का थांबला हे विचारा. कपाटात पडून होता, मुलगा बाहेरगावी शिकायला गेला, घरी नेट नव्हतं, ही सगळी पटण्यासारखी कारणं आहेत. पण एक कारण कोणी स्वतःहून सांगत नाही, ब्लू-रे ड्राइव्ह गेलेली असली की पीएस४ चं अपडेट बऱ्याचदा अडकतं, पुढे जातच नाही. म्हणजे व्हर्जन जुनं राहिलंय ते नशिबाने नाही, बिघाडामुळे. म्हणून सोबत एखादी डिस्क न्या, टाका, गेम सुरू होतोय का बघा, बाहेर काढा, परत टाका. ड्राइव्ह बदलायला गेलात तर तिचं छोटं सर्किट बोर्ड त्याच मदरबोर्डशी बांधलेलं असतं, कुठलीही दुसरी ड्राइव्ह उचलून लावली की चालली असं होत नाही.

मग पोर्ट. ९.०० ची जी पद्धत डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आली ती पेनड्राइव्ह लावून चालते, तेव्हा पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट तपासा. २०२४ मध्ये पीपीपीपॉन नावाची दुसरी आली, ती ११.०० पर्यंत चालते आणि लॅन केबलमधून चालते, मग लॅन पोर्टही तपासा. मुंबईच्या हवेत जुन्या मशीनचे पोर्ट हिरवे पडलेले असतात, टॉर्च मारून आत बघा, लाज कसली.

आणि किमतीचं. ९.०० आहे म्हणून दोन-तीन हजार वर मागणारे सेलर अजून २०२२ मध्येच राहतायत. तेव्हा त्या आकड्याला खरंच भाव होता, कारण त्याच्या पुढच्या व्हर्जनच्या मशीनला काही करता येत नव्हतं. त्याआधी असाच भाव ५.०५ ला होता, मग ६.७२ ला, मग ७.५५ ला. आज ११.०० वाला पीएस४ पण कामाचा आहे आणि २०२५ मध्ये लॅप्स नावाची पद्धत आल्यावर १२.०२ पर्यंतचे पण. ९.०० लोकांना आवडतं, जुनं आहे, सवयीचं आहे, ठीक आहे, पण एक धडधाकट, आवाज न करणारा, नीट ड्राइव्हवाला ११.०० चा पीएस४ आणि एक जेट विमानासारखा घोंघावणारा ९.०० चा पीएस४ यात मी डोळे झाकून पहिला घेईन. आणि जेलब्रेकचं हे सगळं प्रत्येक वेळी मशीन पूर्ण बंद करून चालू केलं की परत करावं लागतं हे पण लक्षात असू दे, एकदा केलं की कायमचं असं नसतं ते.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. वाढदिवसाला गेमचं मशीन देतो म्हटलं तर नवीन नको, जुनंच पाहिजे, आणि तेही "लो फर्मवेअर"चं, असं म्हणतो. जुनं मागतोय म्हणजे पैसे वाचवतोय का काही भानगड आहे? यात बेकायदेशीर काही नाही ना? — एक आई, मुलुंड

ताई, भानगड नाही, पण त्याच्याशी बसून बोलायला हवं असं आहे. फर्मवेअर म्हणजे मशीनच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यात कधीकधी चुका राहतात, त्या चुकांतून लोक आत शिरतात आणि मशीनवर कंपनीने न दिलेल्या गोष्टी चालवतात. कंपनीला कळलं की पुढच्या अपडेटमध्ये ती फट बुजवली जाते. म्हणून जुनं व्हर्जन असलेलं मशीन ते शोधतात. आणि अपडेट झालेलं मशीन मागे नेता येत नाही, निदान साध्या माणसाला तरी नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५अ हे कलम घातलंय. कॉपीराइटचा भंग करायच्या इराद्याने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे. त्यात तो इरादा हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलगा स्वतः लिहिलेले छोटे प्रोग्रॅम चालवणार, जुन्या मशीनचे एम्युलेटर बघणार, पंख्याचा वेग बदलणार, तर ती एक गोष्ट. आणि मित्राकडून फुकटचे गेम भरून आणणार तर ती सरळसरळ चोरी आहे, त्याला दुसरं नाव देऊ नका. त्याला विचारा की मशीन मोकळं झाल्यावर पहिलं काय करणारेस. पटापट दोन-चार प्रोजेक्ट सांगितले तर द्या बिनधास्त, या वयात असंच शिकतात पोरं. नुसतीच गेमची यादी सांगितली तर मग तुम्हीच ठरवा. ऑनलाइन खेळायचं असेल तर मात्र हे मशीन वेगळं ठेवावं लागतं, कंपनीने पकडलं की अकाउंट आणि मशीन दोन्ही बॅन होऊ शकतं.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला एकाकडे निन्टेन्डो स्विच आहे, व्ही१ म्हणतो, अनपॅच्ड म्हणतो. माझ्यासमोर त्याने बाजूला काहीतरी क्लिप घातली, बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली, म्हणाला बघा आरसीएममध्ये गेला, म्हणजे अनपॅच्ड. बरोबर आहे का? आणि फर्मवेअर कितीचं असावं? — एक वाचक, गिरगाव

नाही, बरोबर नाही, आणि ही चाल इतकी जुनी आहे तरी अजून चालते याचं मला कौतुक वाटतं. ती क्लिप म्हणजे जिग, उजवा जॉयकॉन, म्हणजे बाजूचा कंट्रोलर, काढून त्या खाचेत घालतात, व्हॉल्यूम अप धरून पॉवर दाबली की स्क्रीन काळी राहते आणि मशीन आरसीएममध्ये, म्हणजे रिकव्हरी मोडमध्ये, जातं. पण आरसीएममध्ये पॅच्ड, म्हणजे फट बुजवलेलं, मशीनसुद्धा जातं! काळी स्क्रीन दोघांची सारखीच काळी. फरक कळतो पुढच्या पायरीला, यूएसबी केबलने लॅपटॉप किंवा अँड्रॉइड फोनवरून पेलोड, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, पाठवला की. अनपॅच्डवर हेकाटे नावाच्या त्या प्रोग्रॅमचा मेनू समोर येतो, पॅच्डवर काहीच होत नाही, काळं ते काळंच. तेव्हा त्या माणसाला सांगा, शेठ, पेलोड मारून दाखवा. दाखवलं तर खरं. केबल नाही, लॅपटॉप भावाकडे आहे, उद्या या, असं सुरू झालं तर समजून जा.

आता तुमचा फर्मवेअरचा प्रश्न, तो स्विचच्या बाबतीत जवळजवळ चुकीच्या दाराशी उभा आहे. पीएस४ ला जे फर्मवेअर तेच सगळं, स्विचला तसं नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये जी फट जाहीर झाली ती एनव्हिडियाच्या टेग्रा चिपच्या बूटरॉममध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमध्ये, आहे, चिप कारखान्यातून निघतानाच ते कोरलेलं असतं, कुठल्याही अपडेटने ते बदलत नाही. म्हणून अनपॅच्ड व्ही१ लेटेस्ट व्हर्जनवर असला तरी अनपॅच्डच, आणि पॅच्ड मशीन जुन्या व्हर्जनवर असलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. २०१८ च्या मधल्या महिन्यांपासून दुरुस्त चिपवाली मशीनं बाजारात आली. म्हणजे प्रश्न व्हर्जनचा नाही, जन्मतारखेचा आहे, आणि जन्मतारीख सीरियल नंबरात असते.

सीरियल खाली, चार्जिंग पोर्टच्या बाजूला स्टिकरवर असतो. एक्सएडब्ल्यू१ ने सुरू होणारा असेल तर त्यापुढचे चार आकडे बघा. ००७४ पर्यंत अनपॅच्ड, ००७५ ते ०१२० हा धुरकट पट्टा, यात दोन्ही निघतात, त्याच्या पुढचे पॅच्ड. एक्सएडब्ल्यू४, एक्सएडब्ल्यू७, जपानी एक्सएजे, यांचे पट्टे वेगवेगळे आहेत, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. सुरुवात एक्सके ने असेल तर ते २०१९ चं जास्त बॅटरीवालं मॉडेल, ते सगळे पॅच्ड. लाइट आणि ओएलईडी पण पॅच्ड. त्यांना आत चिप बसवून मॉड करतात, पण ते सोल्डरिंगचं बारीक काम आहे, ज्याचा हात बसलाय त्यानेच करावं.

आणि स्टिकरवर थांबू नका. लॅमिंग्टन रोडवर बॉडी बदलणं हा रोजचा धंदा आहे, तुटकी बॉडी काढून दुसऱ्याची लावली की स्टिकर दुसऱ्याचं. सिस्टम सेटिंग्जमध्ये खाली सिस्टम आहे, त्याच्यात सीरियल स्क्रीनवर दिसतो, तो बोर्डाचा असतो. तो आणि स्टिकरचा जुळला तर पुढचं बोलायचं. तिथेच सिस्टम अपडेटच्या खाली चालू व्हर्जन पण दिसतं, ते वहीत लिहून ठेवा, कस्टम फर्मवेअर, म्हणजे मॉडवाल्यांनी बदललेलं फर्मवेअर, तुमच्या व्हर्जनला सपोर्ट करतं का ते नंतर तपासायला लागेल. इकडे स्विच बहुतेक बाहेरून आलेलेच असतात, तेव्हा वॉरंटी वगैरे कोणी बोललं तर मान डोलवा आणि भाव पाडा.

प्रश्न : चोर बाजारात पीएस३ स्लिम मिळतोय, पण लेटेस्ट ४.९ वर अपडेट झालेला आहे. म्हणजे बाद ना? — एक वाचक, परळ

बाद कशाला? पीएस३ चा हिशोबच उलटा आहे. इथे आत्ता कुठलं व्हर्जन आहे त्यापेक्षा कारखान्यातून निघताना कमीत कमी कुठलं होतं ते महत्त्वाचं. ३.५६ किंवा त्याच्या आतल्या व्हर्जनसकट जन्मलेला असेल तर त्याला पूर्ण कस्टम फर्मवेअर बसतं, आज तो ४.९ वर असला तरी. ३.५६ च्या नंतर जन्मलेला असेल तर त्याला हेन नावाचं हलकं मॉड मिळतं, ते पण चालतं, फक्त दर वेळी मशीन चालू केलं की चालू करावं लागतं.

मागचं स्टिकर वाचा. सीईसीएच-२० आणि २१ वाले स्लिम सगळे चालतात. २५ वाले अर्धे अर्धे, सुरुवातीचे चालतात, नंतरचे नाहीत. ३० वाले आणि सुपर स्लिम, म्हणजे ४० वाले, फक्त हेन. जुने जाडे पीएस३ सगळे कस्टम फर्मवेअरला चालतात, पण जाडा घेऊ नका, त्यातले बरेच पिवळा दिवा लावून मरतात आणि मग तुम्ही लॅमिंग्टन रोडच्या चकरा मारत बसता.

२५ वाला असेल तर नुसतं स्टिकर पुरत नाही. मिनव्हरचेक नावाची एक छोटी अपडेट फाइल मिळते, ती पेनड्राइव्हवर पीएस३ फोल्डरमध्ये अपडेट फोल्डर करून त्यात ठेवायची, कन्सोलला लावायची, सिस्टम अपडेट, स्टोरेज मीडियावरून. ती काहीच इन्स्टॉल करत नाही, एक एरर देते आणि त्या एररमध्ये किमान व्हर्जन लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जाणार असाल तर पेनड्राइव्ह खिशात टाकूनच जा, तिथे टीव्ही लावून देणारे दुकानदार आहेत, थोडं गोड बोलावं लागतं. दुकानदार म्हणेल हे काय टाकतोय, मशीन खराब होईल. त्याला तुमच्या पेनड्राइव्हवरची ती एकच फाइल दाखवा.

प्रश्न : हाजी अलीच्या हिरा पन्नात सीलबंद पीएस५ आहे, दुकानदार "पुराना स्टॉक, फोर पॉइंट झिरो थ्री" म्हणतो. सील न फोडता खरं-खोटं कसं करायचं? — एक वाचक, ताडदेव

सील न फोडता नेमका आकडा कळत नाही, कोणालाच नाही, त्या दुकानदाराला पण नाही. पण वरची आणि खालची मर्यादा काढता येते आणि तेवढ्यात बहुतेक थापा पकडल्या जातात.

खालची मर्यादा मॉडेलवरून. मशीन स्वतःच्या जन्माआधीचं फर्मवेअर घेऊन येऊ शकत नाही. ४.०३ हे २०२१ चं आहे. स्लिम पीएस५, सीएफआय-२००० वाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. तेव्हा बॉक्सवर सीएफआय-२० दिसलं आणि दुकानदार फोर पॉइंट झिरो थ्री म्हणत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. बंडलचं पण तसंच, बॉक्सवर छापलेला गेम ज्या वर्षी आला त्याच्या फार मागचं व्हर्जन आत नसतं.

वरची मर्यादा तारखेवरून. भारतात अधिकृत आलेल्या बॉक्सवर एमआरपीचं स्टिकर असतं, त्यावर आयातदार आणि महिना-वर्ष असतं, पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांमुळे ते लावावंच लागतं. सील खरं असेल तर त्या महिन्यानंतर निघालेलं फर्मवेअर आत असू शकत नाही. दुबईहून आलेल्या बॉक्सवर हे स्टिकर नसतं, मग मॉडेलवरच भागवायचं. आणि सील म्हणजे एक गोल पारदर्शक चिकटपट्टी, ती परत लावणारे कलाकार आपल्या शहरात आहेत, तेव्हा तिच्या कडेला धूळ चिकटलीये का बघा.

मी असतो तर दुकानदाराला म्हटलं असतं, पैसे आत्ता मोजतो, तुझ्या टीव्हीवर उघडू, नेट लावायचं नाही, ४.०३ निघालं तर माझा, नाही निघालं तर साध्या भावात दे किंवा ठेव. पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट विचारतं, ते टाळून पुढे जाता येतं, घाईत दुकानाचं वायफाय लावू देऊ नका. मग सेटिंग्ज, सिस्टम, सिस्टम सॉफ्टवेअर, कन्सोल इन्फर्मेशन. तिथे आकडा लांबलचक दिसेल, २१.०२-०४.०३.०० असा. पहिला तुकडा वर्षाचा, आपल्याला पाहिजे तो मधला, ०४.०३. २१ बघून कोणी हे लेटेस्ट आहे म्हणून घाबरवलं तर घाबरू नका, आणि मधलं ०९ असताना कोणी पहिलं २४ दाखवून भुलवलं तर भुलू नका.

डिजिटल एडिशन असेल तर मॉडिंगसाठी मी सुचवणार नाही, काही पद्धती ब्लू-रे डिस्कवरूनच सुरू होतात आणि त्याला ड्राइव्हच नाही.

प्रश्न : ९.०० चा पीएस४ घेतला होता. गणपतीत घरी पाहुणे आले, भाच्याने फिफा खेळायला वायफाय लावलं आणि मी आरती आटोपून येतो तर मशीन १२.५० वर. आता मागे जाता येईल का? — एक वाचक, लालबाग

नाही हो. भाच्यावर ओरडू नका, त्याला अपडेट कराच असं मशीननेच सांगितलं असणार. चिप वाचून-लिहून मागच्या एका व्हर्जनला नेणारे काही कारागीर आहेत, पण त्यासाठी बोर्ड उघडावं लागतं, ते मागचं व्हर्जन चिपमध्ये शिल्लक असावं लागतं, आणि काम बिघडलं तर मशीन पण जातं. एवढ्या पैशात दुसरा पीएस४ मिळतो. लॅप्सची फट नेमकी १२.५० मध्येच बुजवली, म्हणजे एका पावलाने हुकलंय तुमचं. आत्ता आहे तिथेच थांबवा, यापुढे अपडेट होऊ देऊ नका, जुन्या व्हर्जनला पुढे-मागे काहीतरी निघतं हा आजवरचा अनुभव आहे. घाईत विकू नका.

थांबवायचं कसं, तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, ऑटोमॅटिक डाउनलोड्स, तिथे सिस्टम सॉफ्टवेअर अपडेट फाइल्सवरची टिक काढा. नेटवर्कमध्ये जाऊन इंटरनेटची टिक पण काढा. घरचा वायफाय पासवर्ड पाहुण्यांना देता तसा मशीनला देऊ नका, एवढंच. नवी डिस्क टाकल्यावर पण अपडेट मागू शकते, तेव्हा नाही म्हणायचं, तो गेम चालणार नाही, चालेल.

यावरून अजून एक, जे हार्डडिस्क गेलेला पीएस४ स्वस्तात बघतायत त्यांच्यासाठी. अशा मशीनमध्ये कोरी हार्डडिस्क घालून चालू केलं की स्क्रीनवर वाक्य येतं, अमुक व्हर्जन किंवा त्याच्या पुढची फाइल यूएसबीवर लावा. तो अमुक आकडा म्हणजेच आतलं व्हर्जन! सेटिंग्ज उघडत नसताना ही एकच खिडकी असते. मग टाकायला त्याच व्हर्जनची रीइन्स्टॉलची मोठी फाइल शोधा, साधारण १ जीबीची, छोटी अपडेटची फाइल इथे चालत नाही. आणि घाईत लेटेस्ट टाकलीत तर लालबागवाल्या वाचकांच्या रांगेत बसाल.

प्रश्न : ट्रेनमध्ये खेळायला हातातलं काहीतरी घ्यायचंय, ३डीएस किंवा व्हिटा. यांचं पण व्हर्जन बघायचं का? विरार लोकलला रोज दीड तास जातो. — एक वाचक, नालासोपारा

विरार लोकलमध्ये दोन्ही हात मोकळे मिळत असतील तर तुम्ही भाग्यवान आहात. ३डीएस ला व्हर्जनची फिकीर नको, सगळ्या व्हर्जनवर होतो. सिस्टम सेटिंग्ज उघडलं की वरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात व्हर्जन दिसतं, ११.१७.०-५० आणि पुढे एक अक्षर. आकडा सोडा, ते अक्षर बघा. ई म्हणजे युरोप, यू म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान. जपानी ३डीएस स्वस्त मिळतो कारण त्याचा मेनू फक्त जपानीत असतो, आणि दुसऱ्या प्रदेशाची काडतुसं मॉड करेपर्यंत चालत नाहीत. बिजागरी हलवून बघा, बॅटरी फुगलीये का बघा.

व्हिटाला व्हर्जन बघा पण टेन्शन नको, सेटिंग्ज, सिस्टम, सिस्टम इन्फर्मेशन. ३.७४ पर्यंत सगळ्यांना मार्ग आहे. कायमचं मॉड, म्हणजे एन्सो, ३.६० आणि ३.६५ वरच बसतं, पण व्हिटा हे असं एक सुखी मशीन आहे ज्यात मॉड केल्यावर मोडोरू नावाच्या टूलने खालच्या व्हर्जनवर उतरता येतं, फक्त कारखान्यातल्या व्हर्जनच्या खाली नाही. म्हणून ३.७४ वाला घ्या, स्वस्त पडेल. मेमरी कार्ड सोनीचं वेगळंच असतं आणि महाग असतं, मॉड केल्यावर अडॅप्टरमधून साधं मायक्रोएसडी चालतं, तोपर्यंत पुरेल एवढं एखादं छोटं सोनीचं कार्ड सेलरकडूनच मागा. पीसीएच-१०००, म्हणजे व्हिटाचं जुनं मॉडेल, घेतलात तर त्याची चार्जिंग केबल पण त्याच्याकडूनच घ्या, ती वेगळी येते. पीसीएच-२०००, म्हणजे नंतरचं मॉडेल, त्याला जुन्या फोनची मायक्रो यूएसबी चालते, स्क्रीन ओएलईडी नाही, पण रोजच्या प्रवासाला मी तोच घेईन.